घटीचा हिशेब



ज्यांच्या स्मृत्यर्थ या व्याख्यानमालेला आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांना वाङ्मयाची गोडी होती. पण हिशेबाची वही स्वच्छ ठेवणारा माणूस त्यांना कवीइतकाच आदरणीय वाटे. या आठवणीच्या आधाराने, आद्यकवी मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या या अंबाजोगाईत, काव्यशास्त्रविनोदाचे सर्व मार्ग मोकळे असताना, मी एक व्यवहाराचा विषय आपणापुढे ठेवीत आहे. तो विषय असा : माल आपला आणि कारखाना दुसऱ्याचा असेल, तर त्या दोघांचा संबंध कसा जुळावा, आणि जुळलेला कसा टिकावा?

दासोपंतांची पासोडी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर पंचीकरणाचा गहन विषय आकृत्यांसह लिहून काढणाऱ्या त्या महापुरुषाला १६१५ मध्ये देवाज्ञा झाली. त्याचे अक्षर ज्या वस्त्राने चार शतके तोलून धरले, ते वस्त्र मात्र कोणी विणले, त्याचे सूत कोणी कातले आणि त्या सुताच्या कापसातली सरकी कोणाच्या घरच्या रेच्यावर वेगळी झाली, याची नोंद कोठे नाही. ती नसावी याचे मला दुःख होते. कारण एका माणसाचा कापूस दुसऱ्याच्या रेच्यातून, तिसऱ्याच्या चात्यावरून आणि चौथ्याच्या मागावरून जातो तेव्हाच त्याचे वस्त्र होते. आणि या प्रत्येक हस्तांतरात काही वजन कमी होते, थोडा विश्वास खर्ची पडतो, आणि पुष्कळदा भांडणही होते. त्या कमी होणाऱ्या वजनाला आमच्या जिनांतले, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यांतले, लोक घट म्हणतात. आजचे माझे सारे बोलणे या एका शब्दाभोवती फिरणार आहे.

दुसऱ्याकडून मजुरीने माल तयार करून घेण्याच्या व्यवहाराला आता जॉबवर्क असे नाव पडले आहे. औषधाच्या गोळ्यांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत शेकडो वस्तू अशाच तयार होतात. नाव एकाचे असते, भट्टी दुसऱ्याची असते. बीड जिल्ह्यात मोठे कारखाने थोडे, म्हणून हा व्यवहार आपल्याला परका आहे असे कोणी म्हणेल. पण गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, परळी या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे ज्याने प्रवास केला असेल आणि रस्त्याकडेच्या जिनांच्या आवारात कापसाच्या पांढऱ्या गंज्या ज्याने पाहिल्या असतील, त्याला हे सांगावयास नको की, त्या गंजीतील कापूस जिनवाल्याच्याच मालकीचा असतो असे नाही. तो कधी व्यापाऱ्याचा असतो, कधी सरकारी खरेदीचा, कधी शेतकऱ्यांच्या एखाद्या संस्थेचा. जिनवाल्याने त्यातील सरकी काढून, रुईच्या गाठी बांधून द्यावयाच्या आणि मजुरी घ्यावयाची, एवढाच त्याचा अधिकार असतो.

या कामाचे अंकगणित थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचे समजणार नाही. १०० किलो कापूस जिनात घातला तर, जात आणि हंगाम यांच्या मानाने, ३३ ते ३६ किलो रुई निघते. या प्रमाणाला उतारा म्हणतात. ६० किलोंवर सरकी निघते. राहिलेले दोन-तीन किलो म्हणजे माती, पालापाचोळा, किडकी कवडी, हवेत उडालेला तंतू आणि वाफेच्या रूपाने निघून गेलेले पाणी. रुईची गाठ १७० किलोंची. तेव्हा एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. आपल्याकडील बहुतेक जिनांत दोन कातडी रुळांचे यंत्र असते : रूळ फिरतात, त्यांच्या खरखरीत पृष्ठाला तंतू चिकटून ओढला जातो, स्थिर पाते सरकीला आत जाऊ देत नाही, हलणारे पाते तिला ठोसरून खाली पाडते. रुळावरच्या खाचा झिजल्या म्हणजे त्या पुन्हा पाडाव्या लागतात. पाती आणि रूळ यांतील अंतर जुळवावे लागते. आणि या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाले तर तंतू सरकीलाच चिकटून राहतो, किंवा तुटतो, आणि ते नुकसान यंत्राच्या मालकाचे होत नसून कापसाच्या मालकाचे होते.

येथेच या संबंधातील सर्व अवघडपणाचे मूळ आहे. आपली वस्तू आपल्या दृष्टीआड होते. जिच्या घडणीवर आपली अब्रू अवलंबून आहे ती घडवणारा हात आपल्या हुकमतीत नसतो. आणि जे कमी भरते ते निसर्गाने नेले, की निष्काळजीपणाने, की लबाडीने, हे रिकाम्या गोणीकडे पाहून सांगता येत नाही.

ही चिंता नवी नाही. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात कारागिरांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे हे सांगताना, विणकराला दहा भार सूत दिले तर अकरा भार कापड परत यावे असे प्रमाण बांधून दिले आहे. खळीचे वजन सुतावर चढते, म्हणून. धोब्याने कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावर धुवावेत, गिऱ्हाइकाचे वस्त्र अंगावर घालू नये, असे बारीक नियमही त्याने तेथे घातले आहेत. ते वाचताना मला त्यातील दंडापेक्षा त्याची दृष्टी मोलाची वाटते. कारागीर चोर आहे असे गृहीत धरून तो थांबला नाही; प्रत्येक कामात वजनाचे काय होते हे त्याने आधी पाहिले, आणि नंतर प्रमाण ठरविले.

आपला १८७२चा कराराचा कायदाही, ज्याला तो निक्षेप म्हणतो त्या प्रकरणात, पुष्कळ शहाणपण सांगतो. दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना, सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तिची घेतली पाहिजे. ती वस्तू मालकाच्या संमतीने स्वतःच्या मालात मिसळली तर दोघांचा त्या मिश्रणात आपापल्या प्रमाणात हक्क राहतो. संमतीवाचून मिसळली आणि वेगळी करता येईनाशी झाली, तर भरपाई द्यावी लागते. आणि दुसऱ्या बाजूने, ज्याने आपले श्रम आणि कौशल्य त्या वस्तूवर खर्च केले त्याला मजुरी मिळेपर्यंत ती अडवून धरण्याचा अधिकार आहे. दोन्ही पक्षांच्या भयांना कायद्याने अशी जागा दिली आहे. कापूसवाल्याचे भय असे की, माझा लांब धाग्याचा माल दुसऱ्याच्या आखूड धाग्यात मिसळेल. जिनवाल्याचे भय असे की, गाठी ट्रकवर चढल्या म्हणजे मजुरीचा तगादा मला वर्षभर करावा लागेल. मी जे करारनामे पाहिले त्यांत पहिल्या भयाविषयी चार-चार कलमे असतात, दुसऱ्याविषयी एक ओळ असते, आणि पुष्कळदा तीही नसते. आपल्या भयाला चार कलमे आणि दुसऱ्याच्या भयाला एक ओळ देणारा मनुष्य करार करीत नाही, हुकूम काढतो. आणि हुकमाने केलेले काम हुकमापुरतेच होते.

इंग्रजी मुलखात कापसाच्या भेसळीने परदेशी बाजारपेठेत आपल्या मालाची पत घसरली, तेव्हा १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली, १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला तंतूच्या परीक्षणाची प्रयोगशाळा निघाली, आणि १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयीचा कायदा झाला. या कायद्यातील दोन तरतुदी मला अतिशय आवडतात. प्रत्येक जिनात एक नोंदवही असावी, आणि तीत किती कापूस पिंजला गेला एवढेच नव्हे, तर तो कोणासाठी आणि कोणत्या तारखेस, हे लिहिलेले असावे. आणि प्रेसमधून निघणाऱ्या प्रत्येक गाठीवर त्या कारखान्याचे चिन्ह व अनुक्रमांक असावा. म्हणजे ज्याचा माल त्याचे नाव वहीत, आणि ज्याचे काम त्याची खूण गाठीवर! बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, तेव्हा तो कायदा आपल्याकडे चालत नव्हता. १९४८च्या सप्टेंबरात ते राज्य संपले. पण गाठ फोडल्यावर दगड निघाला, ओला गाभा निघाला, तर हजार कोसांवरच्या गिरणीला तो कोणत्या आवारातून आला हे कळावे, ही कल्पना कोणत्याही सरहद्दीपुरती नव्हती.

पुढे १९७१च्या कायद्याने १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे सारा कापूस एकट्या सरकारी यंत्रणेनेच घ्यावा ही योजना, सुरू झाली; ती पुढे जवळजवळ तीस वर्षे या ना त्या स्वरूपात चालली. तिच्या आर्थिक गुणदोषांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी शिरत नाही. माझ्या विषयापुरते तिचे महत्त्व असे की, एका राज्याचा कापूस खरेदी करणाऱ्या त्या यंत्रणेने तो सहकारी आणि खाजगी जिनांना ठरलेल्या दराने पिंजावयास दिला, आणि त्यामुळे माल एकाचा व कारखाना दुसऱ्याचा हा संबंध आमच्या गावोगावी घरगुती झाला. जिनवाल्याच्या आवारात खरेदीचे केंद्र असे. ग्रेडर सरकारी यंत्रणेचा, काटा आवारातला, हमाल गावातला, आणि गाड्यांची रांग कधी कधी दोन-दोन दिवस रस्त्यावर. शेतकऱ्याच्या हाती चुकाऱ्याची चिठ्ठी पडली की त्याचा संबंध संपे; खरा संबंध त्यानंतर ग्रेडर आणि जिनवाला यांच्यात सुरू होई. दुसऱ्याच्या आवारात बसलेला आपला माणूस हा पाहुणा, पहारेकरी की सहकारी, या प्रश्नाचे उत्तर जेथे नीट सापडले त्या केंद्रावर गाठी चांगल्या निघत. मी अशी केंद्रे पाहिली आहेत की जेथे ग्रेडर आणि दिवाणजी रोज संध्याकाळी एकाच कंदिलाखाली दोन वह्या उघडून दिवसाची रुजुवात घालीत. आणि अशीही पाहिली आहेत की जेथे दोन वह्या हंगामभर एकमेकींना भेटतच नसत, आणि चैत्रात भेटल्या म्हणजे तंटा उभा राही.

आज हीच कामगिरी, १९७०मध्ये स्थापन झालेले भारतीय कपास निगम करते. हमीभावाने घेतलेला कापूस ते निविदा काढून खाजगी जिनांकडून पिंजून घेते. त्याच्या खरेदीत ओल ८ टक्के असेल तर पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत त्या मानाने कपात, आणि त्यापलीकडे खरेदी नाही, असा नियम आहे. हे दोन आकडे, ८ आणि १२, आपण लक्षात ठेवावेत अशी माझी विनंती आहे; कारण त्यांच्यामधल्या अंतरात माझ्या आयुष्यातील एक मोठी चूक बसलेली आहे.

एकाधिकार योजना शिथिल झाल्यानंतरच्या एका हंगामात, माजलगावकडील आम्हा काही शेतकऱ्यांच्या मनात आले की, कापूस विकण्याऐवजी तो पिंजून गाठी विकाव्यात. शाळामास्तर असल्यामुळे हिशेबाचे काम माझ्याकडे आले. जवळच्या एका जिनवाल्याशी आम्ही बोलणी केली, दर ठरला, घट २ टक्के मान्य, असे करारात लिहिले. मार्गशीर्षातली थंडी होती. वेचणी पहाटेच सुरू होई, बोंडावर दंव असे, आणि बायाबापड्यांनी वेचलेला तो कापूस आम्ही गाठोड्यांतून सरळ काट्यावर नेऊन टाकीत असू. ६०० क्विंटल भरला. जिनात गर्दी असल्यामुळे आमची गंजी तीन आठवडे उघड्यावर राहिली, आणि नंतर पिंजली गेली. हिशेब आला तेव्हा रुई आणि सरकी मिळून ५६२ क्विंटल भरली. ३८ क्विंटल कमी! करारातील घट १२ क्विंटलांची. मग राहिलेले २६ क्विंटल कोठे गेले?

मी ते विचारावयास गेलो, ते एकटा गेलो नाही. दहा-बारा जण बरोबर होते, आणि आवारात त्या जिनवाल्याचे हमाल, सरकी भरणाऱ्या बाया, एक-दोन व्यापारी उभे होते. सर्वांसमक्ष मी त्याला म्हणालो की, २६ क्विंटल म्हणजे पाच गाठी होतात, त्या आमच्या आम्हाला दाखवा. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. “कापूस ओला होता, गुरुजी,” एवढेच तो म्हणाला. मी म्हटले, ओल होती तर घेताना का बोलला नाहीत? त्याने उत्तर दिले नाही. वही मिटली, आणि उठून आत गेला. आम्ही ठरलेल्या मजुरीतून रक्कम कापून घेतली. त्याने ती मागितली नाही. पुढल्या हंगामात त्याने आमचे काम घेतले नाही, आणि दुसऱ्या ज्यांनी घेतले त्यांनी आमचा नंबर सर्वांत शेवटी लावला. आवारात बोललेला शब्द आमच्या भागात फार दूर जातो.

दोन वर्षांनी नागपूरला जिनिंगच्या प्रशिक्षण केंद्रात काही दिवस राहण्याचा योग आला. तेथे एका सकाळी शिक्षकांनी फळ्यावर एक साधे त्रैराशिक मांडले. १०० किलो कापसात १२ टक्के ओल असेल तर त्यात कोरडा माल ८८ किलो. तो वाऱ्याने सुकून ओल ८ टक्क्यांवर आली तर तोच ८८ किलोंचा कोरडा माल आता साडेपंच्याण्णव किलोंहून थोडा अधिक भरतो. म्हणजे क्विंटलमागे सुमारे ४.३५ किलो वजन, एक बोंडही न हरवता, आकाशात गेले. मी वहीत ६०० ने गुणले. उत्तर २६ क्विंटल आले.

सभ्यहो, आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकवणाऱ्या माणसाने त्या आवारात उभे राहून ते केले नव्हते. पण माझ्या मनाला त्याहून जास्त जे लागले ते हे की, करारात घट लिहिताना आम्ही दोघांनीही ती धुळीची लिहिली होती, पाण्याची लिहिली नव्हती. त्याला ओल दिसत होती. पण सांगितली तर गिऱ्हाईक दुसऱ्या जिनात जाईल म्हणून तो बोलला नाही. मला दंव दिसत होते. पण वजन आपल्या बाजूला झुकते म्हणून मी ते मनावर घेतले नाही. जी गोष्ट दोघांनाही ठाऊक असून दोघेही बोलत नाहीत, ती हंगामाच्या शेवटी चोरीचे नाव घेऊन समोर उभी राहते.

म्हणून माझे निवेदन असे आहे की, ज्याच्याकडून काम करून घ्यावयाचे त्याच्याशी पहिली बोलणी दराची होऊ नये, घटीची व्हावी. काय कमी होणार, किती होणार, कशाने होणार, ते कोणी आणि कोणत्या साधनाने मोजावे, आणि ठरल्याहून अधिक कमी झाले तर ते कोणाच्या खाती पडावे, हे आधी बोलावे. ही बोलणी संकोचाची असतात. सोयरीक जुळवताना आजाराची गोष्ट काढण्यासारखी. पण जो जिनवाला घटीचा विषय स्वतःहून काढतो आणि तुम्हाला ओल मोजून दाखवतो, तो माझ्या अनुभवात दर थोडा जास्त सांगतो, आणि तरीही स्वस्त पडतो.

दराविषयी थोडेसे. निविदेत सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम द्यावे, ही सरकारी वहिवाट आहे आणि तिच्यामागे भ्रष्टाचाराला आळा घालण्याचा सद्हेतू आहे. परंतु मजुरी न परवडणाऱ्या पातळीवर उतरली की कारखानदार प्रथम काय करतो? रुळाच्या खाचा नव्याने पाडण्याचे काम पुढे ढकलतो. कवडी आणि सुतळीचे, प्लास्टिकचे धागे वेचणाऱ्या आठ बायांच्या जागी चार ठेवतो. गाठीत हरवलेला प्लास्टिकचा एक दोरा पुढे सुतात आणि सुतातून कापडात जातो, रंग घेत नाही, आणि शेकडो मीटर कापड बाद करतो. चार बायांची रोजी वाचवून हे विकत घेतलेले असते! २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान काढून जिनांच्या आधुनिकीकरणाला अर्थसाहाय्य दिले. त्याने आवारे फरसबंद झाली, कापूस हाताने वाहून नेण्याऐवजी हवेच्या नळांतून जाऊ लागला, हे मोठेच काम झाले. तथापि फरशीवर पडलेला दोरा उचलावयास माणूसच लागतो. मजुरी चुकती करण्याची वेगळी वाटही आहे : अमेरिकेत मजुरीच्या पोटी जिनवाल्याने सरकी ठेवून घ्यावी ही रीत रूढ आहे. आपल्याकडे ती सरसकट आणावी असे मी म्हणणार नाही, कारण सरकीचा भाव तेलाच्या भावाबरोबर चढतो-उतरतो आणि ते ओझे कोणावर पडेल याचा भरवसा नाही.

इचलकरंजीचे एक उदाहरण येथे देण्याचा मोह होतो. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तेथे पहिला यंत्रमाग चालवला, आणि आज त्या गावातील पुष्कळ यंत्रमागधारक स्वतः सूत विकत घेत नाहीत. व्यापारी सुताची बिमे देतो, हे मजुरीने विणून देतात. त्यांना खर्चीवाले म्हणतात. मजुरी ठरते ती पिकावर, म्हणजे इंचात आडवे धागे किती यावर. तेथील मजुरीच्या बोलण्यांत ५२ पिकांच्या कापडाचा दर हा पाया धरलेला असतो. तेथेही तंटे होतात, मंदी आली की व्यापारी दर पाडतो, माग बंद पडतात. परंतु काच डोळ्याला लावून धागे व्यापारीही मोजू शकतो आणि विणकरही मोजू शकतो, आणि दोघांचा आकडा एकच येतो. ज्या वस्तूचे माप दोघांच्या हाती आहे तिच्याविषयी भांडणे दराची होतात, इमानाची होत नाहीत.

याच्या उलट चित्र पाहावयास आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातील हजारो बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडण्यासाठी जातात. कारखाना आणि तोडणारे जोडपे, ज्याला कोयता असे एकाच शब्दात मोजतात, यांच्यामध्ये मुकादम असतो. आणि या तिघांना बांधणारी दोरी म्हणजे उचल. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना किंवा मुलीचे लग्न निघालेले असताना, उचल हाती येते. ती फेडावयाची टनाच्या हिशेबाने. आणि टन मोजला जातो कारखान्याच्या काट्यावर, जेथे तोडणारा बहुधा उभा नसतो. तो फडात असतो. त्याच्या घटीचा हिशेब कोणी लिहिला आहे? उसाचे वजन वाळून उतरले, गाडी काट्याच्या रांगेत एक दिवस थांबली, तर ती घट कोणाच्या खाती गेली? हंगाम संपल्यावर उचल फिटली नाही एवढे त्याला सांगण्यात येते, आणि शिल्लक पुढल्या वर्षाच्या खाती ओढली जाते. या विषयावर मला संयमाने बोलता येत नाही. मजूर आणि जिनवाला यांची तुलना मी करीत नाही. जिनवाल्याला नको असलेले काम नाकारता येते, उचल घेतलेल्याला येत नाही. पण ज्या मोजमापात एक पक्ष हजर नाही, त्याला मोजमाप म्हणू नये, एवढे तरी आपण एकमुखाने म्हटले पाहिजे.

आता एक शेवटचा मुद्दा, आणि तो तरुण मंडळींसाठी आहे. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढण्याची सोय झाली, आणि आपल्या जिल्ह्यातही अशा कंपन्या निघत आहेत. त्यांच्या सभांना मी जातो. पहिला ठराव बहुधा यंत्रसामग्री घेण्याचा असतो. सीताफळाचेच उदाहरण घ्या. बालाघाटाच्या डोंगरउतारावरचे हे आपले फळ आता नावारूपाला आले आहे. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत पिकून जाते, हंगाम दीड-दोन महिन्यांचा, आणि गर काढून गोठवला तरच वर्षभर विकता येतो. त्यासाठी कर्ज काढून उभारलेले यंत्र आणि शीतगृह उरलेले दहा महिने काय करणार? माझा सल्ला असा की, पहिली काही वर्षे ज्याच्याकडे शीतगृह आहे त्याच्याकडे जावे. तेथेही घट आहेच : साल, बी, काळा पडलेला गर. फळ कोणत्या दिवशी तोडलेले आत जाईल, गर किती वेळात गोठेल, टाकाऊ किती निघेल, हे एक दिवस त्याच्या आवारात स्वतः उभे राहून, शंभर किलो फळ डोळ्यांसमोर फोडून, पाहून घ्यावे. आणि डब्यावर आपल्या कंपनीच्या नावाबरोबर तो माल ज्याने तयार केला त्याचेही नाव मोकळेपणाने छापावे. अन्नपदार्थांच्या लेबलाचे नियम निर्मात्याची ओळख मागतातच. पण नियम नसता तरी मी ते छापा असेच म्हटले असते. ज्याचे नाव डब्यावर आहे तो दगडासारखे कच्चे फळ यंत्रात घालू देत नाही.

माझ्या चुकीची गोष्ट मात्र अर्धी राहिली. नागपूरहून परतल्यावर मी त्या जिनवाल्याकडे गेलो. या वेळी एकटा गेलो. त्रैराशिक लिहिलेला कागद त्याच्यापुढे ठेवला, कापलेल्या मजुरीची रक्कम ठेवली, आणि त्या दिवशी जे लोक आवारात होते त्यांतले जे सापडतील त्यांच्यासमोर चूक कबूल करावयास तयार आहे, असे म्हटले. त्याने रक्कम मोजून घेतली. कागद बराच वेळ पाहिला. मग तो म्हणाला की, माणसे गोळा करावयाची गरज नाही. पण येत्या हंगामात कापूस आणणार असाल तर ओल मोजण्याचे एक यंत्र तुम्ही घ्या, एक माझ्याकडे आहेच, आणि दोन्ही यंत्रे एकाच गाठोड्यात खुपसून पाहू.

त्या हंगामात आमचा पहिला ट्रॅक्टर आवारात शिरला तेव्हा उन्हे चांगली वर आली होती; वेचणी दंव उतरल्यावर सुरू करावी, असे आम्ही घरोघर सांगून ठेवले होते. यंत्रे दोन्ही लावली; एकात ९ आले, दुसऱ्यात साडेनऊ. कोणते खरे, यावर थोडी चर्चा झाली. मग त्याने दिवाणजीकडून नवी वही मागवली, पानावर दोन रकाने आखले, एक धुळीच्या घटीचा, एक ओलीच्या घटीचा, आणि पहिली ओळ मला लिहावयास सांगितली. मी तारीख लिहिली, गाठोड्यांची संख्या लिहिली, आणि ओलीच्या रकान्यात दोन्ही आकडे, एकाखाली एक, मांडले.